निळ्या डब्यातली चिठ्ठी

दोन हजार बावीसच्या ऑगस्टात नीलम वासनिकच्या तासाला पहारा बसला.

दिल्लीतल्या आर. के. पुरममधली मुलींची सरकारी शाळा. नववीला दर शुक्रवारी शेवटचा तास वयात येण्याचा: पाळी, शरीर, नको तो स्पर्श. नीलमनं बिस्किटांच्या निळ्या डब्याला चीर पाडून तो वर्गाच्या दाराशी ठेवला होता. जे विचारायची लाज वाटते ते चिठ्ठीवर लिहायचं, नाव घालायचं नाही. चिठ्ठी कुणाची हे मी कधी शोधणार नाही, असा तिनं मुलींना शब्द दिला होता.

विष्णूजी नावाच्या पालकानं तक्रार केली. प्राचार्या सुमित्रा मॅडमनी मधला मार्ग काढला. पालक समितीतलं एक माणूस महिनाभर वर्गात बसेल, मग तास ठेवायचा की नाही ते समिती ठरवेल.

बसायला आल्या कौसल्याबाई, वर्गातल्या देविकाच्या आजी. मूळच्या वर्ध्याच्या. मुलगा केंद्र सरकारात, सून बदलीवर नागपूरला, म्हणून घर आणि नात सांभाळायला दिल्लीत राहिलेल्या.

"आमच्या वेळी हे कुणी शिकवलं होतं?" त्यांनी नीलमला पहिल्याच दिवशी ऐकवलं. "अडलं का काही?"

"अडलं असेल तरी सांगितलं कुणी, आजी?"

कौसल्याबाई तडक मागं गेल्या. शेवटच्या बाकावर पदर सावरून बसल्या.

तिसऱ्या शुक्रवारी डब्यातून चौकटीच्या कागदाची चिठ्ठी निघाली. बाकी सगळ्या हिंदीत, ही मराठीत. 'मध्येच अंगावरून लाल जातं. दुखत नाही. घरात सांगावं असं बाईमाणूस नाही. आपोआप थांबेल का?'

नीलमनं ती मनाशी दोनदा वाचली. वर्गात मराठी पोर एकच. आई नागपूरला. आजी होती, पण असली पहारेकरी आजी असून नसल्यासारखीच. गृहपाठाच्या वह्या टेबलावरच होत्या, देविकाची वही तर वरच. उघडली असती तर अक्षर क्षणात ताडता आलं असतं. तिनं वही उघडली नाही. शब्द म्हणजे शब्द.

चिठ्ठी तिनं हिंदीत करून वाचली आणि म्हणाली, "तुमच्या वयात पहिली एकदोन वर्षं असं मागंपुढं होतं. पण पुन्हा पुन्हा होत असेल तर कुठल्याही वयात डॉक्टरला दाखवायचंच. लाजेपायी थांबायचं नाही."

"क्या बोला?" मागच्या बाकावरून आवाज आला. "मला कमी ऐकू येतं. ते शेवटचं परत सांगा. पोरींना काय सांगता ते कळू द्या मला."

मुली खुदकन हसल्या. नीलमनं ओठ आवळून परत सांगितलं, शब्दन्शब्द.

सुटताना तिला राहवलं नाही. "आजी, देविकाची तब्येत ठीक आहे ना?"

"तिला काय धाड भरलीय? घोड्यासारखी उधळते दिवसभर."

पुढच्या शुक्रवारी दुसरी चिठ्ठी. 'बाई डॉक्टर मिळते का? सोबत कोणाला न्यावं?' उत्तर देणार तोच सुमित्रा मॅडमचा निरोप आला. उद्या बैठक आहे, तोवर तास थांबवा.

त्या रात्री नीलमच्या डोळ्याला डोळा लागला नाही. तास गेला तर गेला, पण ती पोर उंबऱ्यापर्यंत येऊन परत फिरली असती.

बैठकीत विष्णूजी भरपूर बोलले. मग म्हणाले, "माताजी ने सब देखा है। वही बताएँगी।"

कौसल्याबाई सावकाश उठल्या. आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाल्या, काय शिकवतात ते मला अजून पुरतं कळलेलं नाही. कळल्याशिवाय बंद कसं करायचं? चालू द्या वर्षभर. मी बसते.

सगळे हसले, विष्णूजीसुद्धा. तास वाचला. म्हातारीच्या खाष्टपणाला नीलमनं मनातल्या मनात हात जोडले.

शुक्रवारी तिनं उत्तर दिलं. सरकारी दवाखान्यात सकाळी बाई डॉक्टर असते. ज्याच्यापाशी जीव मोकळा होतो त्याला सोबत न्यायचं, ते माणूस लहान असलं तरी चालेल.

पुढच्या आठवड्यात देविका तीन दिवस गैरहजर होती. आली ती डोळे सुजवून, पण ताठ मानेनं. नीलमनं काही विचारलं नाही, फक्त बुडालेले धडे बसून शिकवले. कौसल्याबाई तर महिनाभर फिरकल्या नाहीत. हौस फिटली असेल, असं नीलमला वाटलं.

दिवाळीनंतर चौकटीच्या कागदावर तेच अक्षर आलं. 'जाऊन आले. वेळेत आलात म्हणाले. तुमच्या लेकराबाळांचं भलं होवो.'

लग्न न झालेल्या नीलमला हसू आलं आणि डोळेही भरले. आजीच्या तोंडची भाषा उचललीय पोरीनं, ती मनाशी म्हणाली. ती चिठ्ठी तिच्या पर्समध्ये अजून आहे.

त्याला आता चार वर्षं होतील. सुमित्रा मॅडम निवृत्त होऊन डेहराडूनला गेल्या. विष्णूजींची धाकटी लेक सध्या त्याच वर्गात आहे, आणि शुक्रवारचा तास तिला चुकवू देत नाहीत ते विष्णूजीच. डब्याचा निळा रंग उडाला, पण डबा तोच. कौसल्याबाई बहात्तरीला आल्या. दर बुद्धपौर्णिमेला त्या नीलमच्या मुनिरक्यातल्या खोलीवर तीन जिने चढून खिरीचा डबा आणतात आणि क्षणभरही न टेकता परत जातात. नातीसाठी म्हातारी किती करते, असं नीलमला दर वेळी वाटे.

यंदा बारावी होऊन देविकाला नर्सिंगला प्रवेश मिळाला. पेढे घेऊन ती नीलमकडे आली. आता ती विद्यार्थिनी नव्हती, शब्दातून सुटका झाली होती. पेढा हातात धरून नीलमनं हलकेच विचारलं, "ते नववीतलं दुखणं पुन्हा नाही ना उपटलं, बाळा?"

"मला कुठे काय झालं होतं, मॅडम?" देविका म्हणाली. "मी तर फक्त आजीचा हात धरून दवाखान्यात गेले होते."