दोन दिव्यांची वाट

काडेपेटी हातात धरून लेसिएली किनाऱ्यावरच्या चर्चच्या खिडकीशी उभी होती. दिवस बुडाला तरी टेकडीवरच्या चर्चमध्ये अंधारच होता. रोज आधी ती खालचा दिवा लावायची, मग तिची धाकटी बहीण फुसी वरचा. पण काल बाजारात फुसी चारचौघींत म्हणाली, "माझ्या दिव्याला काही ताईची परवानगी लागत नाही!"

आज तिचाच आधी लागू दे, असं लेसिएलीने ठरवलं होतं.

नऊ वर्षांपूर्वी फुसी त्या नव्या चर्चमध्ये गेली, तेव्हापासून दोघी बोलत नव्हत्या. प्रभू हाच प्रकाश, हे दोन्हीकडे शिकवत. तो आपल्याच चर्चमध्ये आहे, एवढं दोघी पदरचं जोडायच्या.

"अगं, बोटी बाहेर आहेत," होडी ओढता ओढता म्हातारा होसेआ ओरडला. "तुझा सायोनेसुद्धा. दोन दिवे एकावर एक दिसले तरच खडकांतली वाट सापडते. या वाऱ्यात कुणी एकाच दिव्याच्या भरवशावर शिरलं, तर थेट खडकावर!"

"मग जाऊन सांग तिला."

"या गुडघ्यांनी? आणि बहीण कुणाची, माझी?"

सायोने तिचा एकुलता मुलगा. लेसिएली पायऱ्या चढू लागली. स्वतःचा दिवा तिने लावला नाही. आधी फुसीचा म्हणजे फुसीचाच, मग तो आपल्या हाताने लावावा लागला तरी बेहत्तर.

वर दार सताड उघडं होतं. स्टूल रिकामं. "फुसे!" तिने हाक मारली. तिने दिवा लावला आणि खाली पाहिलं. साऱ्या बेटावर एकच दिवा होता, आणि तो तिने लावलेला. एका बोटीने नाक इकडे वळवलंही होतं.

ती ज्योतीवर फुंकर मारायला वाकली, तोच खाली तिची खिडकी उजळली. ज्योत काचेच्या टोकापर्यंत भडकली, मग खाली आली. घासलेट उधळायची ही फुसीची लहानपणापासूनची खोड. पायऱ्या सोडून घोडागाडीच्या रस्त्याने उतरली असणार.

बोट जराशी सरकली आणि सरळ वाटेला लागली.

वारा वाढत होता. ज्योत राखायला माणूस हवंच होतं. लेसिएली फुसीच्या स्टुलावर बसली. एकमेकींच्या चर्चची पायरी चढणार नाही, असं दोघींनी देवासमोर सांगितलं होतं. आता शेवटची बोट आत येईपर्यंत दोघींनाही तिथून हलता येणार नव्हतं.