दहावा माणूस

"आधी नाव सांग, मग फाटक उघडते," झेल्डा सिनेगॉगच्या जाळीआडून म्हणाली.

बाहेरचा पोरगा विशीतला असेल. पाठीवर फुगलेली पिशवी आणि नजर सारखी रस्त्याकडे. "नाव कशाला हवंय, आंटी? प्रार्थनेला आलोय. मागे उभा राहीन नि जाईन."

"बापाचं नाव काय? कुठल्या सिनेगॉगमध्ये जाता तुम्ही?"

"आम्ही फारसे जात नाही कुठं."

"आणि आज बरी आठवण झाली?"

पिशवी उघडून त्यानं पुस्तकं दाखवली, हवं तर बाहेरच ठेवतो म्हणाला. नाव मात्र काही केल्या सांगेना.

गेल्याच महिन्यात याच फाटकावरून कुणीतरी पेटती बाटली आत फेकली होती. बालवाडीचे पडदे जळाले. पोरं घरी गेली होती म्हणून वाचली, नाहीतर विचारच करवत नाही. तेव्हापासून मंडळींनी फाटकावर पाळ्या लावल्या आणि सगळ्यांना शिकवून ठेवलं की पहिलं नाव विचारायचं, आणि नाव न सांगणाऱ्याला आत सोडायचं नाही, मग तो तोंडानं कितीही गरीब दिसो. झेल्डाची सत्तरी उलटलेली, पण एक पाळी चुकवली असेल तर शपथ.

"मग बाबा, तू आपला घरी जा," ती म्हणाली. "ही काय धर्मशाळा आहे, कुणीही यावं नि शिरावं?"

"इथंही तेच," पोरगा पुटपुटला आणि कोपऱ्याकडे चालू लागला. खोटं कशाला बोला, झेल्डाला स्वतःचं जरा कौतुकच वाटलं.

लगेचच डॅरिल बाहेर आला. तिचा एकुलता एक. बाप जाऊन वर्ष झालं, त्या वर्षदिनासाठी पर्थहून आलेला. वर्षदिनाला मुलानं उभं राहून बापाच्या नावानं कद्दीशची प्रार्थना म्हणायची असते, आणि दहा पुरुष जमल्याशिवाय ती म्हणता येत नाही. अंधार पडला की दिवस संपला.

"आई, नऊच आहेत गं."

"येईल की कुणीतरी."

"कोण येणार? निम्मे माझ्यासारखे ऑस्ट्रेलियात, उरलेले कबरस्तानात. तरी मी म्हणत होतो, उत्तरेकडच्या मोठ्या सिनेगॉगमध्ये जाऊ. तिथं माणसांना तोटा नाही."

"तुझ्या बाबांनी जन्मभर इथले दिवे लावले. त्यांचं इथंच व्हायचं." मग तिला एकदम रागच आला. "मोज ना मग मलाच दहावी!"

बायका मोजत नाहीत हे तिला का ठाऊक नव्हतं? इथल्या खुर्च्या पुसायला झेल्डा चालते, मयतीची बिस्किटं भाजायला चालते, आता फाटक राखायलाही चालते. मोजणी आली की झेल्डा नाही.

एवढ्यात रब्बी घाईघाईनं आले. तरुण माणूस, सदा कुठल्या ना कुठल्या गडबडीत. "झेल्डा, एक पोरगा यायचा होता. विद्यापीठाच्या वसतिगृहातला. दिसला का?"

"कसला पोरगा?"

"काल फोन आला होता त्याचा. कुणीतरी त्याच्या खोलीच्या दारावर नको नको ते लिहिलंय. जाता-येता मागे लागतात, ज्यू ज्यू म्हणून ओरडतात. इतका घाबरलाय की मलासुद्धा नाव सांगेना. मी म्हटलं, राहू दे नाव, तू नुसता ये. इथं तुला कुणी काही विचारणार नाही."

झेल्डानं कोपऱ्याकडे पाहिलं. "आणि हे मला कधी सांगणार होतात?"

रब्बींनी कपाळाला हात लावला. "राहून गेलं हो. आला होता का?"

तिनं किल्ल्या डॅरिलच्या हातात कोंबल्या, "फाटक सोडू नकोस" म्हणाली आणि निघाली. पळणं काय जमणार, गुडघे दोन्ही कामातून गेलेले. लंगडत, धापा टाकत ती कोपऱ्यावर पोचली तेव्हा ऊन इमारतींच्या वरच्या मजल्यांवर चढलं होतं. अजून वेळ होता. आत्ता सापडला तर अजून वेळ होता.

कोपऱ्यावर ही गर्दी. मिनिबस टॅक्सीवाल्यांचे भोंगे, कणसं भाजणाऱ्या बाईचा धूर, विद्यापीठातून सुटलेली पोरंच पोरं. त्यात तो दिसला, पार पुढे, टॅक्सीच्या रांगेकडे निघालेला.

"बाळा! अरे बाळा, थांब!"

भलतीच दोन-चार पोरं वळली. तो वळला नाही.

"ए पिशवीवाल्या!"

पिशव्या सगळ्यांच्याच पाठीवर. एक पोरगी हसली. झेल्डाला रडूच कोसळलं. वर्षभर जपलेला नवऱ्याचा, मॅनीचा दिवस, आणि तो तिनंच आपल्या हातानं फाटकाबाहेर घालवला होता. हाक मारावी तर नाव नाही.

तो रस्ता ओलांडू लागला. आणखी चार पावलं, की टॅक्सीत बसून गेलाच. झेल्डानं दोन्ही हात तोंडाशी नेले आणि बेंबीच्या देठापासून ओरडली,

"ए ज्यू! ज्यू पोरा! थांब!"

अख्खा कोपरा वळून बघायला लागला. तो तेवढा वळला नाही. मागे न बघता, जीव मुठीत धरून पळत सुटला.