पाहुण्यांना सांगायची पदवी

विद्यापीठानं आपली पदवी आपणच जुळवायची मुभा दिली, तेव्हा स्वरूपानं मातीचं शास्त्र, कायदा आणि नाटक एकत्र केलं. वडील मानसिंगराव कळंबच्या उसाच्या बांधावर उभे राहून पदवीचं नाव पाठ करायचे, पण तिला बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर कायद्यापाशीच अडखळायचे.

या रविवारी इंदापूरचे पाहुणे आले. मुलगा बारामती एमआयडीसीत पर्मनंट होता. त्याच्या आत्यानं पोह्यांची बशी खाली ठेवली.

"डॉक्टर न्हाय, वकील न्हाय, मास्तरीण न्हाय. मग पोरगी शिकून हुणार तरी कोण?"

मानसिंगराव पदवीचं नाव सांगू लागले आणि पुन्हा कायद्यापाशीच अडखळले. पाहुणे चहा न घेताच उठले.

"समदी अशीच माघारी जात्यात," आई पदरानं डोळे पुसत म्हणाली. "पाया पडते तुझ्या, लोकांना कळंल असं कायतरी शीक."

स्वरूपा मान खाली घालून परसात गेली. तिनं कॉलेजच्या सरांना मेसेज केला.



"सर, अजून एखादा अवघड विषय जोडता येईल का? पुढच्या रविवारी परत पाहुणे येणार आहेत."