पिक्चर ट्यूबची शिट्टी

कल्पना करा बरं. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं आहे. तुमच्यासमोर तुमच्याहून उंच अशी लाकडी पेटी आहे, आणि तिच्यात काळ्या काचेचा फुगीर पडदा. तुमचं बोट बटणावर आहे. पाहायचं काहीच नाही. फक्त ऐकायचं.

दिगंबर आजोबा तसेच उभे होते. त्यांनी बटण दाबलं. एक, दोन, तीन, चार, पाच. शिट्टी नाही. त्यांनी बटण बंद केलं आणि वहीतल्या आकड्यांच्या ओळीपुढे फुली मारली. एकेचाळिसावी.

हडपसरच्या या गाळ्यात एके काळी व्हिडिओ गेमच्या अशा सहा पेट्या होत्या. शाळा सुटली की पोरांची रांग रस्त्यापर्यंत जायची. मग घराघरांत कॉम्प्युटर आले, रांगेतली पोरं मोठी होऊन कॉम्प्युटरवरच नोकऱ्या करू लागली आणि पाच पेट्या गेल्या. सहावीचं आतलं सर्किट मेलं, तेव्हा आजोबांनी तिच्यात एक जुना कॉम्प्युटर बसवला. त्यावर लिनक्स घातलं. जुने खेळ नव्या यंत्रावर चालवणारा इम्युलेटर घातला आणि त्याला देशोदेशीच्या शौकिनांनी लिहिलेले दुरुस्तीचे पॅच लावले. सहासष्टाव्या वर्षी, मांडीवर डिक्शनरी घेऊन.

अडलं होतं पडद्यापाशी. जुना पडदा सेकंदाला पंधरा हजार रेघा ओढून चित्र काढतो. कॉम्प्युटर त्याला दुप्पट वेगाने रेघा पाठवतो. म्हणून व्हिडिओ ड्रायव्हरला आकड्यांची एक ओळ लिहून सांगावं लागतं, बाबा रे, हळू. ओळ बरोबर असली की पडदा लगेच बारीक शिट्टी घालतो आणि दहा सेकंदांनी चित्र येतं. ओळ चुकली की ती शिट्टी माणसाच्या कानापलीकडे जाते. सगळं शांत. त्या शांततेत चित्राची वाट पाहत बसलं, तर आतला भाग जळतो.

एक जळलाही होता. पासोड्या विठोबाजवळच्या सुट्या भागांच्या दुकानदाराने बदली भाग हातावर ठेवला आणि म्हणाला, "काका, हा शेवटचा. पुढच्या वेळी संग्रहालयात चौकशी करा."

म्हणून पाच सेकंद. त्याहून जास्त नाही.

गाळ्याच्या मागे स्वयंपाकघर होतं. गेल्या दिवाळीपर्यंत तिथे नंदाआजी असायच्या. त्या आजोबांपेक्षा बारा वर्षांनी धाकट्या. आजोबांनी कुठल्याही पेटीचं बटण दाबलं की आतून हाक यायची, "अहो, लागली शिट्टी."

"मला कान आहेत," आजोबा म्हणायचे.

"आहेत ना. चष्मा कशावर टेकवणार नाहीतर?"

आता आतून हाक येत नव्हती. पडदाही गप्प झाला होता. दोघांनी आपसांत ठरवून अबोला धरावा तसा.

सकाळी वाघोलीहून मुलाचा, सुदर्शनचा फोन आला होता. "बाबा, उद्या दहाला तुमचं सामान इकडे आणायला टेम्पो येतोय. पेटी चालत असेल तर खुशाल आणा, हॉलमध्ये ठेवू. पण बंद पेटी नको. ती तिथेच भंगारात द्या. कबूल?" आजोबांनी कबूल म्हटलं होतं.

त्यांनी वहीची पानं मागे उलटली. नवी ओळ सुचत नव्हती. तेराव्या ओळीवर त्यांचा सगळ्यांत जास्त विश्वास होता, तीच त्यांनी पुन्हा लिहायला घेतली.

कोपऱ्यातल्या स्टुलावर वरच्या मजल्यावरची चैताली बसली होती. तिसरीतली. आईची कंपनी सहाला सुटते आणि ही किल्ली शाळेत विसरली, म्हणून तासाभरापासून ती इथेच गृहपाठ करत होती.

"आजोबा, पाणी पिऊ?"

"आत माठ आहे. झाकण नीट ठेव."

ती आत गेली. आजोबांनी बटण दाबलं. एक. दोन. तीन.

"आजोबा," आतून आवाज आला, "तुम्ही ही शिट्टी सारखी सारखी का वाजवता हो?"

चार.

"कसली शिट्टी?"

"ही काय. कानात टोचतेय. मघापासून किती वेळा वाजवली तुम्ही."

पाच.

आजोबांनी कान देऊन ऐकलं. बाहेर रिक्षा गेली. माठाचं झाकण वाजलं. बाकी काही नाही. शेवटचा भाग आत होता. तो जळला तर उद्या भंगारवाला.

मग त्यांनी बटण बंद न करताच बोट काढून घेतलं.

सात. आठ. नऊ. काळ्या काचेत निळसर उजेड उमटला. त्यातून तारे आले, ताऱ्यांच्या खाली एक छोटंसं विमान आलं आणि एकही रेघ न हलता स्थिर उभं राहिलं.

वय वाढलं की कानातून सगळ्यांत बारीक आवाज आधी जातात, मुलांनो. जाताना सांगून जात नाहीत. आजोबा वहीतल्या एकेचाळीस फुल्यांकडे पाहत राहिले. मग त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. शिट्टी आपल्याला आतल्या हाकेतूनच कळत होती, त्याला किती वर्षं झाली असतील, याचा हिशेब त्यांना लागेना.

चैताली हातात भांडं घेऊन दारात आली. तिने चित्र पाहिलं, मग आजोबांचे डोळे पाहिले.

"लागला की तुमचा खेळ. मग रडताय का?"

"ती शिट्टी मला ऐकू येत नाही, बाळ," आजोबा म्हणाले. "मला वाटत होतं, येते."

चैतालीने थोडा विचार केला. "मग बंद करून परत लावा," ती म्हणाली.

आजोबांनी बटण बंद केलं. थोडं थांबून पुन्हा दाबलं. तोवर ती भांडं ठेवायला आत गेली होती, आणि माठापाशी उभं राहून तिने हाक मारली, "अहो आजोबा, लागली शिट्टी."