झऱ्यावरची खाचरं

उत्तराताईंचा हिशोब सरळ होता. 'स्त्री आणि धरती' प्रदर्शन गाजलं, की दिल्लीच्या परिषदेचं आमंत्रण नक्की. म्हणून बोरिवलीच्या डोंगरातल्या पाड्यावरून त्यांनी जिवली वारलीणीला चित्र काढायला आणलं. जिवलीने झाडं काढली, झरा काढला आणि हात आखडला.

"अगं, शेत कुठाय? जमीन जपणाऱ्या बायाच नकोत का चित्रात?"

"नको ताई. जंगलवाल्यांना आमचं शेत अजून ठावं नाय."

"चित्र बघून कुणी शेत काढून घेतं का, वेडे! मग मनानेच काढ एखादं."

"नसलेलं काढलं तं देवी रागावते."

ताईंपुढे तिचं काही चालेना. तिने असलेलं काढलं. वडामागची वाट, झऱ्यावरची खाचरं, भात लावणाऱ्या बाया.

उद्घाटनाला ताईंनी जंगलाच्या मोठ्या साहेबांनाच बोलावलं होतं. साहेबांचं बोट चित्रातल्या वाटेवरून सावकाश वर सरकू लागलं, तसा जिवलीने ताईंचा पदर घट्ट धरला.

"खरंच आहे का हो हे कुठे?"

"अगदी खरं!" ताई कौतुकाने म्हणाल्या. "हिला खोटं काढताच येत नाही."

ताई दिल्लीला जाऊन आल्या. साहेबांना वृक्षारोपणासाठी जागा मिळाली. खाचरांत निलगिरी लागली, आणि रोपांना पाणी घालायला रोजावर जिवलीलाच ठेवलं.