वाऱ्याचं थडगं

"कुणाचा विश्वास बसणार नाही, पण तिन्ह जिवंत आहे," लिएमकाकांनी बसता बसताच जाहीर केलं. "या डोळ्यांनी पाहिलाय."

थोआने त्यांच्यापुढे चहाचा पेला ठेवला. अंगणात चटईवर तिच्या नवऱ्याची, तिन्हची हाडं मांडली होती. तुतीच्या काड्यांची. शेजारी ओल्या मातीचा गोळा, आणि तो पुढ्यात घेऊन बसलेले दाव मास्तर. लि सॉन बेटावर, समुद्राने ठेवून घेतलेल्या माणसाचा असा देह करून पुरतात; त्याला वाऱ्याचं थडगं म्हणतात. पण हे देह घडवणाऱ्या मास्तरांचा एक नियम होता. शेवटी बरोबर असलेल्या माणसाने तोंडाने 'गेला' म्हटल्याशिवाय ते मातीला हात लावत नसत. आणि त्या दिवशी समुद्रावर बांबूच्या गोल टोपलीहोडीत दोघेच होते, तिन्ह आणि त्याचे हे काका. ज्या मोठ्या होडीवरून ते मासेमारीला उतरले होते, तिने पाण्यातून फक्त काकांना उचललं होतं.

"एवढा एक शब्द बोला, काका. आठ महिने त्याचा जीव पाण्यावर भटकतोय."

"भटकतोय कसला! ऐक तर पोरी. आम्ही मासे धरायला गेलो ते होआंग सा बेटांमधलं एक बेट, भरतीला या चटईएवढं उरतं. पण खाली तेल! मासा तळायला कढईत तेल घालावं लागत नाही, त्याचं त्यालाच सुटतं. उगाच का दोन देश भांडतात? इतके झेंडे रोवलेत की पाखराला टेकायला जागा नाही."

मास्तर हसले. थोआलाही हसू आलं, नको असताना.

"तर त्या दुसऱ्या देशाचं जहाज आलं अंगावर. आमची टोपली उलटली. आणि तिन्ह गेला..."

मास्तरांचा हात मातीकडे वळला.

"पोहत गेला!" काका ओरडले. "पोहत गेला हो, थेट तेलाच्या मनोऱ्यावर! त्यांना स्वयंपाकी हवाच होता. याच्या हातचं माशाचं आंबट सार चाखलं आणि साहेब म्हणाला, बेट कुणाचंही असो, हा माणूस आमचा. वरून मला हात करत म्हणत होता, काका, तुम्ही निघा, माझं छान चाललंय. चांगला जाडजूड झालाय लेकाचा!"

"त्याच दिवशी?" मास्तरांनी विचारलं.

"तेल अंगी लागतं, मास्तर."

या वेळी कुणी हसलं नाही. काकांनी पेला उचलला.

थोआ त्यांच्यासमोर उकिडवी बसली.

"खोटं, काका. टोपलीत लाइफ जॅकेट एकच होतं, त्याचं. गळ्यापाशी मी लाल दोऱ्याने नाव शिवलं होतं. धक्क्यावर तुमच्या अंगातून ते मीच काढलं."

काकांनी पेला खाली ठेवला.

"मला दुसरं काही नको, एवढंच सांगा," ती म्हणाली. "त्याने ते स्वतः काढून दिलं ना?"