पुढच्या वर्षीची बचत

सत्तावीस वर्षं मी या कारखान्यात वाफेच्या पाइपांचा फिटर आहे. कुठे जरा फुसफुस ऐकू आली की जेवणाचा डबा तसाच टाकून पाना घेऊन धावतो. बायको म्हणते, "घरातला नळ सहा महिने टपकतोय, तो नाही बरा ऐकू येत तुम्हाला!"

गेल्या वर्षी सरकारी मोजणीवाले साहेब आले. त्या वर्षी कोळसा किती जळतो ते लिहून घेणार, आणि पुढच्या वर्षी जेवढा कमी जळेल तेवढं मोठं बक्षीस देणार. मी खूश.

मॅनेजरनं मला बाजूला घेतलं. "काका, तुम्ही सगळं एवढं आवळून ठेवलंत, तर पुढच्या वर्षी वाचवायचं काय? करा ढिलं."

केलं. याच हातांनी. वर्षभर शेडमध्ये वाफ फुकट चालली होती, धुराडं काळं ओकत होतं, आणि मी कानात बोळे घालून डबा खात होतो. यंदा तेच नट पुन्हा आवळले.

काल मॅनेजरला 'पर्यावरणाचा राखणदार' म्हणून ढाल मिळाली. मोजणीवाल्या साहेबांनीच दिली. टाळ्या वाजवायला मलाही नेलं होतं. वाजवल्या, आणि बाहेर येऊन साबणानं दोनदा हात धुतले.

वळून बघतो तर मोजणीवाले साहेब मागे उभे.



"काका, शेजारच्या कारखान्यात सोमवारपासून पहिल्या वर्षाची मोजणी आहे. दोन दिवस आधी पाना घेऊन जाऊन या ना."